कोरड्या डोळ्यांचा विणेकरी

८ ऑक्टोबर, बुधवार

कृषी केंद्रवाल्याने ही डायरी जानेवारीत दिली होती. तेव्हापासून ती धान्याच्या कोठीवर पडून होती. काल कीर्तनात महाराज म्हणाले, माणसाने रोज आपलं मन तपासावं. घरी आल्यावर कस्तुराला डायरी कुठं आहे विचारलं. ती म्हणाली, "मन तपासाले डायरी कायले पाह्यजे? मले इचारा ना."

तिला विचारलं नाही.

पहिल्या पानावर नाव, वय आणि रक्तगट लिहायचा आहे. नाव इंद्रभान, वय एकोणपन्नास. रक्तगट माहीत नाही. गळ्यात तुळशीची माळ आहे, ते लिहायला जागा नाही. प्रत्येक पानाखाली शेतीचा एक सल्ला छापलाय. आजचा असा: मळणीआधी दाण्यातील ओलावा तपासावा.

आजपासून देवळात महिनाभराचा काकडा सुरू झाला. पहाटे गेलो. थंडी नव्हती.

१२ ऑक्टोबर, रविवार

धनसिंगबद्दल लिहायला हवं. हा गावाला लागून असलेल्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. आधी लोकांचे ट्रॅक्टर चालवायचा. दोन वर्षांपूर्वी माळ घातली आणि देवळात यायला लागला. गळा चांगला आहे. पण गळा पुष्कळांचा चांगला असतो. हा काकडा म्हणायला उभा राहिला की याच्या डोळ्यांतून पाणी वाहतं. डाव्या डोळ्यातून जास्त. पुसत नाही, लपवत नाही, वाहू देतो. बायका त्याच्याकडे पाहून हात जोडतात. हरीओम मोबाईलवर शूटिंग करतो. हरीओमचा मंडपाचा धंदा आहे आणि देवळाच्या कमिटीचा अध्यक्षही तोच आहे.

आज आरतीनंतर मी धनसिंगला बाजूला घेऊन विचारलं, "धनसिंगभाऊ, हे कसं साधलं तुमाले?"

तो म्हणाला, "कायचं साधलं दादा. डोयाचा तरास हाये. हवा लागली का वाह्यते."

इतकी नम्रता मला जमली नसती.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

रिठदला बाजारात गेलो होतो. धनसिंग वांगी घेत होता. भावावरून बाईशी घासाघीस चालली होती, तरी डावा डोळा वाहतच होता. बाजाराच्या गलबल्यातही त्याचं नामस्मरण आत चालू असणार. मी सुद्धा वांगी घेतली. मला त्या वेळी फक्त वांगी दिसत होती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. ज्योत्स्ना आणि जावई आसेगावहून आले. जावयाने विचारलं, "मामा, तुमच्या गावचे ते रडनारे महाराज कोन हायेत? आमच्या ग्रुपवर व्हिडिओ आल्ता."

मी सांगितलं, महाराज नाहीत, धनसिंग आहे. माझा आवाज जरा मोठा झाला असावा, कारण कस्तुराने स्वयंपाकघरातून पाहिलं.

महाराज म्हणाले होते, मन तपासताना स्वतःला सवलत देऊ नये. म्हणून लिहितो. मी माळ घातली तेव्हा ज्योत्स्ना पाळण्यात होती. तेव्हापासून एकादशी चुकवली नाही, हरिपाठ चुकवला नाही, कांदा-लसूण चाखला नाही. इतक्या वर्षांत माझ्या डोळ्यांना देवापुढं एकदाही पाणी आलं नाही. त्याला दोनच वर्षं झाली. हा मत्सर नाही. हिशेब समजून घ्यायची इच्छा आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

पहाटे काकड्याच्या वेळी दुःखाच्या गोष्टी आठवून पाहिल्या. आधी वडील आठवले. पण वडील आठवले की त्यांचा दरारा आठवतो आणि मी ताठ उभा राहतो. मग आमचा मेलेला बैल आठवला. घसा थोडा दाटला. तेवढ्यात त्याने एकदा मला गव्हाणीत लोटलं होतं तेही आठवलं आणि घसा मोकळा झाला.

धनसिंग शेजारीच होता. वाहत होता.

२ नोव्हेंबर, रविवार

एकादशी. दिवसभर भगर आणि विचार.

आज जे मनात आलं ते लिहायची भीती वाटते. समोर काळा दगड आहे, आपण त्याला ओरडून ओरडून सांगतोय आणि तो ऐकतच नसला तर? किंवा ऐकतोय, पण माझं नाही. दुसरं पहिल्यापेक्षा वाईट आहे.

हे लिहिताना बल्ब बंद केला, त्याला वाचता येऊ नये म्हणून. मग लक्षात आलं की उजेड त्याला नाही, मला लागतो. पुन्हा लावला.

५ नोव्हेंबर, बुधवार

काकडा आज संपला. घरी येऊन कस्तुराला विचारलं, "तू माह्या डोयात कधी पानी पाह्यलं का?"

ती शेंगा निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "पोरगी सासरी गेली तवा."

ती मंडपातली धूळ होती. चारशे माणसं जेवून उठली होती, धूळ उडणारच. तिला तसं सांगितलं नाही. शेंगा निवडताना ती वाद जिंकते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सप्त्याची मीटिंग झाली. दरवर्षी दत्तजयंतीला धरून आमच्याकडे सात दिवस अखंड नाम असतं. अखंड म्हणजे वीणा थांबत नाही. पहारे लावलेले असतात. ज्याचा पहारा तो वीणा गळ्यात घालून उभा राहतो. बसायचं नाही, आणि वीणा जमिनीला टेकवायची नाही. पुढचा माणूस आला की वीणा त्याच्या गळ्यात घालायची आणि एकमेकांच्या पाया पडायचं. शेवटच्या दिवशी काला आणि गावातून दिंडी. दुसरीकडं दिंडीत विणेकरी मागं असतो म्हणतात. आमच्या गावात तो सगळ्यांच्या पुढं चालतो आणि तो वळेल तिकडं दिंडी वळते.

दिंडीची वीणा आमच्या जुन्या बुवांकडे असायची. ते चैत्रात गेले. मला वाटत होतं, वाटत होतं म्हणजे गावालाही वाटत असेल असं वाटत होतं, की आता ती माझ्याकडे येईल.

हरीओम म्हणाला, "दिंडीची ईना धनसिंगभाऊले देऊ. तालुकाभर नाव हाये त्याइचं."

सगळे हो म्हणाले. मीही म्हणालो. धनसिंग एकटा म्हणाला, "मले नको, इंद्रभानदादाले द्या. माह्या डोयाचा भरोसा नाई." लोकांना ते इतकं आवडलं की टाळ्या वाजल्या.

येताना वावरात डोकावलो. तूर उभी आहे, शेंगा धरतायत. कापायला अजून महिना तरी आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सप्ता बसला. मला दुपारचा पहारा मिळाला. मंडप पत्र्याचा आहे आणि दुपारी आत चांगलंच तापतं. डोकं दुखू शकतं, म्हणून येताना दुकानातून बामची डबी आणली.

डोकं अजून दुखलेलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

कालपर्यंत ठीक होतं. आजचं लिहितो.

घरून निघताना उपरण्याच्या एका टोकाला बोटभर बाम लावून घेतला. वापरायचाच असं ठरवलं नव्हतं. जवळ असावा एवढंच. वीणा गळ्यात घातली आणि नाम सुरू केलं. दुपार चढली तशी बायका भजनाला येऊन बसल्या. पुढं रामीबाई होती. ती म्हातारी सगळ्यात आधी येते आणि शेवटी जाते. हरीओम मोबाईल घेऊन फिरत होता. धनसिंग कुठं दिसत नव्हता. मी उपरण्याचं टोक डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याला नुसतं टेकवलं.

पाणी आलं. एकच धार, गालावरून हनुवटीपर्यंत. रामीबाईने हात जोडले. देवा, खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

मग कपाळावरून घाम ओघळला आणि सवयीने मी सगळं तोंड त्याच टोकाने पुसलं.

पुढचं काही दिसलं नाही. डोळ्यांत कुणी चुलीतले निखारे सारावेत तसं झालं. पहारा सुटायला बराच वेळ होता. वीणा टेकवता येत नाही. ती सोडून पाण्याकडं जाता येत नाही. उपरण्याचं कुठलं टोक कोणतं तेही समजेना, म्हणून पुसताही येईना. नाक, डोळे, सगळं वाहायला लागलं. मी ओरडलो, "पांडुरंगा! पांडुरंगा!" मला "पाणी" म्हणायचं होतं, पण तोंडातून तेच निघालं. इतक्या वर्षांत एवढ्या मनापासून मी त्याला कधी हाक मारली नव्हती.

मंडपातले टाळ थांबले. मग एकदम दुप्पट जोराने सुरू झाले. कुणीतरी माझ्या पायावर डोकं ठेवलं. मग आणखी कुणीतरी. पाय मागं घेता येत नव्हते, मागं मृदंगवाला होता.

पहारा सुटला तेव्हा मी चाचपडत हौदावर गेलो आणि तोंड पाण्यात बुडवलं. तिथंही दोघं जण हात जोडून उभे होते.

३० नोव्हेंबर, रविवार

डोळे सुजलेत. पान नाकाशी धरून लिहितोय.

हरीओमने व्हिडिओ टाकला. खाली लिहिलंय, आमचे इंद्रभानकाका भावसमाधीत. जावयाचा फोन आला, "मामा, मानलं तुमाले." सकाळी दोन बायका माझ्यापुढं ठेवायला नारळ घेऊन आल्या. कस्तुराने त्यांना चहा दिला आणि नारळ परत दिले. त्या गेल्यावर तिने माझं उपरणं हुंगलं आणि धुवायला नेलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

दुपारी रामीबाई आली. खाली बसली आणि म्हणाली, "इंद्रभान, तुयं त्याच्यासंगं बोलनं हाये आता. माह्यं एक काम सांग त्याले. पोट्टं पुन्याले गेलं थे दिवाईपासून फोन नाई करून राह्यलं. जितं हाये का नाई तेवढं सांग म्हना."

मी म्हणालो, "मावशी, तूच सांग ना त्याले."

"म्या लई सांगतलं. माह्यं नाई आयकत थो."

माझंही ऐकत नाही हे मला तिला सांगता आलं नाही. संध्याकाळी हरिपाठाला बसलो. तोंड उघडलं, पण शब्द निघेना. आधी वाटायचं तो ऐकत नाही. आज वाटलं ऐकू नये तर बरं.

१ डिसेंबर, सोमवार

एकादशी. पहारा दुसऱ्याला दिला. कस्तुराने मला वाशीमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. रिठदच्या स्टॉपवर धनसिंग उभा होता. तोही तिथंच निघाला होता.

आत आम्हाला एकत्रच बोलावलं. डॉक्टर मॅडम वयाने लहान होत्या. त्यांनी धनसिंगचं नाकाजवळचं हाड दाबलं आणि रागावल्या. "अश्रूंची नळी बंद आहे, ऑपरेशन करा म्हणून दिवाळीआधीच सांगितलं होतं ना तुम्हाला? इतके दिवस कुठं होता?"

धनसिंग म्हणाला, "काकडा होता म्याडम. आन् गावात डोयाचं नाव काहाडलं का लोक पाया पडत. निंघूच देत नोते."

मी भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता पाहत बसलो. मोठी अक्षरंही वाचता येईनात.

मग माझी पाळी. मॅडमनी पापणी उलटून पाहिलं. "यात काय घातलं?"

"धूळ गेली."

"धुळीला असा वास येत नाही."

"बाम," मी म्हणालो.

"बाम? डोळ्यांत? कशासाठी?"

एकादशीला खोटं बोलायचं नाही, म्हणून गप्प बसलो. धनसिंग माझ्याकडे पाहत होता.

बाहेर बाकावर आल्यावर त्याने विचारलं, "दादा, सप्त्यात थे... थो बामच होता का?"

मी मान हलवली.

मग त्याचं पोट हलायला लागलं. "मी हे पानी जावं म्हनून दवाखाने हिंडून राह्यलो, आन् तुमी यावं म्हनून बाम लावून राह्यले!" तो इतका हसला की शिपाई पाहायला आला. पहिल्यांदाच त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलेलं मी पाहिलं. हसून झाल्यावर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "मी नाई सांगत कोनाले."

मी विचारलं, "धनसिंगभाऊ, खरं सांगा. गातानी तुमाले कधी रडू येते का?"

त्याने विचार केला. "नाई बा. मले त गातानी लई मजा येते."

मजा. हे मला सुचलंच नव्हतं.

उद्या त्याचं ऑपरेशन अकोल्याला आहे. मला थेंब दिलेत. पानाखालचा आजचा सल्ला: औषध वापरण्यापूर्वी लेबल नीट वाचावे.

२ डिसेंबर, मंगळवार

हरीओमकडून रामीबाईच्या मुलाचा नंबर घेतला. फोन लागला. मी कोण ते सांगितलं. तो आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "काका, काम सुटलं हाये. मायले काय सांगू?"

"हेच सांग."

"लाज वाट्टे."

"वाटू दे," मी म्हणालो. "लाज वाटून बी बोलता येते." मी कुणाला सांगतोय हे माझं मला बरोबर कळलं, म्हणून फोन लवकर ठेवला.

हरीओमला आता धनसिंगचं कळलंय. म्हणाला, "थो त आजार निंघाला, काका. आन् आपन पाया पडून राह्यलो!" त्याने धनसिंगचे व्हिडिओ काढून टाकले. माझा ठेवला. दिंडीची वीणा आता माझ्याकडे, असं कमिटीत ठरल्याचं त्याने जाता जाता सांगितलं. उद्या माईकवरून जाहीर करणार.

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं. जेवण गेलं नाही. कस्तुराने ताट उचलताना विचारलं, "धरसान ना ईना उद्या-परवा?"

म्हणालो, पाहू.

३ डिसेंबर, बुधवार

हरिपाठ झाला. रामीबाई उठून सगळ्यांसमोर सांगायला लागली. "माह्या पोट्ट्याचा फोन आला! इंद्रभाननं त्याले सांगतलं आन् तिसऱ्या दिवशी फोन!" 'त्याले' म्हणताना तिने वर बोट केलं.

"मावशी, मी फोन केल्ता पुन्याले," मी म्हणालो.

"हो, तुह्याच हातून करोला त्यानं," ती म्हणाली.

मग हरीओमने वीणेचं जाहीर केलं. मंडप भरलेला होता. मी उठलो आणि त्याच्या हातातला माईक घेतला. म्हणालो, "मंडळी, शनिवारी माह्या डोयात जे पानी आलं थे भक्तीचं नोतं. मी उपरन्याले बाम लावला होता. लोकाइनं पाहावं म्हनून लावला होता. मले माफ करा."

मला हलकं वाटलं. तेवढ्यात रामीबाई म्हणाली, "बाम त मी बी लावतो. मले नाई येत असं रडू!"

मंडप हसला. हरीओमने माईक परत घेतला. "पाहा मंडळी! असा निगर्वी मानूस आजच्या काळात पाहाले भेटत नाई. आपल्या भक्तिभावाले बाम म्हनते!" टाळ्या वाजल्या.

मी पुन्हा माईक मागितला. त्याने दिला नाही. "काका, बस आता, आमाले लाजवू नका."

धनसिंग डोळ्याचा त्रास आहे म्हणायचा तेव्हा मीही असंच ऐकलं होतं.

घरी आल्यावर कस्तुराला सांगितलं, "कोनी मानत नाई."

"मी मानतो," ती म्हणाली. "उपरनं दोनदा धुतलं म्या."

एवढ्या गावात एक माणूस मानणारा निघाला. झोप लागली.

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. काला. सकाळी दिंडी निघाली.

वीणा माझ्या गळ्यात होती. नाही म्हणता आलं असतं, पण पहाटेच्या पहाऱ्यावाल्याने ती आणून गळ्यात घातली आणि पाया पडला. जमिनीवर ठेवता येत नव्हती. निघालो. बायका दारादारात ओवाळत होत्या. वीणा जड नसते, आज जड होती. नाम तोंडात होतं, त्याच्या आत काही नव्हतं.

वेशीजवळ तांड्याची वाट फुटते. तिथं बाभळीखाली धनसिंग उभा होता. पहाटेच अकोल्याहून आला होता. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, नाकाजवळ टाके. रस्त्यापासून लांब उभा होता, लग्नाला न बोलावलेल्या माणसासारखा. हातात टाळ मात्र होते.

दिंडी वेशीतून वळून देवळाकडं परत जाते. मी वळलो नाही. सरळ त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. मागं दिंडी थांबली. मृदंग चालूच राहिला.

मी म्हणालो, "धनसिंगभाऊ, घ्या."

तो मागं सरकला. "मले नको दादा. लोक म्हनतीन याचं पानी त बंद झालं."

"माह्यं बी बंद हाये. कस्तुरानं बामची डबी फेकून देल्ली."

"तुमाले देल्ली हाये कमिटीनं."

"माह्यानं आता धरवत नाई," मी म्हणालो. ते खरं होतं. मी वीणा गळ्यातून काढली आणि त्याच्यापुढं धरली. आता ती ना माझ्या गळ्यात होती ना कुणाच्या. खाली ठेवता येत नाही हे त्याला माहीत होतं. परत गळ्यात घालायची नाही हे मला माहीत होतं. मागून हरीओम ओरडला, "काका! काय करून राह्यले!"

धनसिंगने टाळ माझ्या हातात दिले आणि मान खाली घातली. मी वीणा त्याच्या गळ्यात घातली. आम्ही दोघंही एकाच वेळी एकमेकांच्या पायाकडं वाकलो आणि डोकी आपटली. त्याचा टाका दुखला असावा. तो हसला.

मग त्याने नाम उचललं. आवाज तोच. डोळा एक, तो कोरडा. त्याचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. आधी मी फक्त पाणी पाहत होतो. त्याला खरंच मजा येत होती.

तो चालायला लागला. पट्टीच्या डोळ्याने दिसत नव्हतं म्हणून असेल, पाय ओळखीच्या वाटेला लागले. तो तांड्याकडं वळला.

हरीओम म्हणाला, "अबे, रस्ता चुकला थो!" पण विणेकऱ्याच्या मागं जायचं असतं. मी टाळ वाजवत गेलो. माझ्या मागं रामीबाई आली. मग दिंडी आली. हरीओम शेवटी आला, मोबाईल वर धरून.

दिंडी तांड्यावर कधी गेली नव्हती. का गेली नव्हती हे इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही. आम्ही आलेलो पाहून तिथल्या बायका आधी घरांत पळाल्या. मग घागरी घेऊन बाहेर आल्या. धनसिंगची बायको मोतीबाई पुढं झाली. तिने विणेकऱ्याच्या, म्हणजे नवऱ्याच्याच पायावर पाणी घातलं. तिला लाज वाटत होती, त्याला त्याहून जास्त. मग तिने माझ्या पायावर पाणी घातलं. थंड होतं. म्हणाली, "भाऊ, आमच्या घरावरून आजवर कधी देव गेला नोता."

मी टाळ वाजवले.

काला व्हायला फार उशीर झाला. पंगत दुपार उलटल्यावर बसली. बुंदी कमी पडली.

५ डिसेंबर, शुक्रवार

सप्ता उठला. हरीओमने मंडप सोडायला घेतला. त्याने सांगितलं की पुढच्या वर्षी तांड्याकडचा रस्ता आधीच झाडून घ्यावा लागेल, गोटे फार आहेत. मी हो म्हणालो.

वावरात गेलो नाही. संध्याकाळी ओसरीवर बसून एकट्यानेच हरिपाठ म्हटला. माईक नाही, टाळ नाही. मध्येच मोतीबाईने पायावर घातलेलं पाणी आठवलं, आणि म्हणता म्हणता थांबलो. विशेष काही नाही. थोडा वेळ पुढचं आठवेना. मग आठवलं आणि पुरा केला.

कस्तुरा उंबऱ्यात उभी होती. किती वेळची होती कोण जाणे.

"अवो, डोयाले काय झालं?"

"काही नाई. तुरीची धूळ गेली असीन."

ती पदराने माझं तोंड पुसत म्हणाली, "तूर अजून वावरात उभी हाये."